जवळच्या माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत का, हे कसं ओळखावं? विचारावं का?

उंबरठा (सोमवार, सकाळी ११:०५)

पुण्यात पेरूगेटजवळ माझी छोटी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सहाला येतात, आणि रात्री कुलूप लावताना शेवटच्या दोघातिघांना उठवावं लागतं. ताण रोजच बघतो. प्रिलिम हुकली की जागा काही दिवस रिकामी राहते, मुलगा गावी जाऊन येतो, पुन्हा बसतो. त्याची सवय आहे. पण सध्या एका मुलाचं जे चाललंय ते त्यातलं वाटत नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा मराठवाड्यातला, घरी कोरडवाहू शेती. मेन्सपर्यंत पोचला आणि थोडक्यात राहिला. हल्ली पुस्तक उघडं ठेवून नुसता बसतो. मेसच्या काकू म्हणतात, ताट अर्धं तसंच परत येतं. रूम पार्टनर सांगतो, रात्रभर जागा असतो. इथपर्यंत मी निकालाचं दुःख समजत होतो. परवा त्याने स्वतःच्या हाताने काढलेल्या सगळ्या नोट्स एका ज्युनिअरला देऊन टाकल्या. मेसचं बिल, मित्रांचे उसने पैसे, सगळं चुकतं केलं. मला येऊन विचारलं, "सर, तुमचं काही राहिलंय का माझ्याकडे?" आणि जाता जाता म्हणाला, "आता घरच्यांना माझा खर्च फार दिवस नाही."

कालपासून मात्र तो शांत आहे. हसून बोलला. रूम पार्टनर म्हणतो, सावरला. मला ते पटत नाही.

त्याला सरळ विचारावं का? कोणत्या शब्दांत? मी ना नातेवाईक, ना शिक्षक. घरी कळवलं तर त्याला आवडणार नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

प्राजक्त (सोमवार, सकाळी ११:३२)

उंबरठा दादा, मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. इथली उत्तरं गोळा होईपर्यंत थांबू नका. आजच बोला, शक्य असेल तर दुपारच्या आतच.

झोप उडणं, जेवण सुटणं, अभ्यासात लक्ष नसणं हे नैराश्यातही दिसतं आणि नुसत्या परीक्षेच्या धक्क्यातही. त्यावरून घाई करू नये. पण तुम्ही पुढे जे लिहिलंय ते वेगळं आहे. जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणं, देणीघेणी मिटवणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं म्हणणं. हे सगळं एकाच माणसात, थोड्याच दिवसांत आलंय. आणि त्यावर अचानक आलेली शांतता. बरेच दिवस घालमेल चाललेली असते, करू की नको. एकदा मनात ठरलं की ती घालमेल थांबते आणि माणूस मोकळा दिसायला लागतो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात तो नेमका याच वेळी. प्रत्येक शांततेचा अर्थ हाच असतो असं नाही, पण तुम्ही लिहिलेल्या क्रमात आली तर मी ती चांगली खूण धरणार नाही.

विचारायचं कसं: सगळ्यांसमोर टेबलापाशी नको. चहाला बाहेर न्या, नाहीतर चालायला. आधी जे दिसलं ते सांगा. "नोट्स दिल्यास, जेवत नाहीस, घरच्यांचा खर्च फार दिवस नाही म्हणालास. मला तुझी काळजी वाटते." मग थेट विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असेच शब्द वापरा. "असलं काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नात 'नाही' हेच उत्तर मागितलेलं असतं, आणि तो तेच देईल.

हो म्हणाला तर दचकू नका, समजूत घालायला लागू नका. आधी ऐका. मग विचारा, काही ठरवलंय का, कधी, त्यासाठी काही जवळ आणून ठेवलंय का. ठरवलेलं असेल तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही. बाथरूमला गेला तरी बाहेर कोणीतरी असावं. त्याच्यासोबत बसूनच १४४१६ लावा. ही 'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. धोका लगेचचा वाटला तर फोनवर न थांबता थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. तुमच्यापासून ससून जवळ आहे. तिथे मानसोपचार विभाग आहे आणि अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. रिक्षात दोघांच्या मध्ये बसवा.

"कोणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय गावभर करणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन," एवढं म्हणा. नातं नसल्याचा विचार करू नका. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय, म्हणून विचारायचंही तुम्हीच.

रानवारा (सोमवार, दुपारी १२:१०)

प्राजक्तताई, तुमच्या अनुभवापुढे माझं बोलणं लहान आहे, पण एक भीती वाटते. मनात नसेल तर विचारल्याने ते डोक्यात शिरणार नाही का? आमच्या घरात मोठी माणसं असल्या गोष्टीचं नावही घेऊ देत नाहीत. आणि दुसरं म्हणजे, जो बोलून दाखवतो तो करत नाही, असं आम्ही ऐकत आलो.

प्राजक्त (सोमवार, दुपारी १२:४१)

दोन्ही समजुती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबात असतात, त्यामुळे विचारलंत ते फार बरं केलंत.

विचारल्याने विचार शिरत नाही. यावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. थेट विचारल्याने धोका वाढल्याचं त्यांत दिसलेलं नाही, उलट काहींचा त्रास कमी झालेला दिसतो. कारणही उघड आहे. ज्याच्या मनात आहे तो ते एकट्याने वाहत असतो आणि कोणाला कळलं तर काय म्हणतील या भीतीने गप्प असतो. समोरच्याने न घाबरता तो शब्द उच्चारला की आता बोलता येईल हे त्याला समजतं. ज्याच्या मनात नसतं तो सहज "नाही हो" म्हणतो आणि विषय पुढे जातो.

बोलणाऱ्यांबद्दलची समजूत तर घातक आहे. जीव दिलेल्या अनेकांनी आधी कोणाला ना कोणाला काहीतरी सांगितलेलं असतं. "मी नसते तर बरं झालं असतं," "माझ्यामुळेच सगळं होतंय," "आता नाही सहन होत." लोक त्याला नाटक म्हणतात, लक्ष वेधून घेणं म्हणतात. लक्ष हवं असेल तर द्यावं ना. आणि आधी एकदा प्रयत्न केलेला असेल तर तो सगळ्यात मोठा धोक्याचा इशारा समजा. "एकदा झालं, आता शहाणा झाला असेल" असं मानून गाफील राहू नका.

सातबारा (सोमवार, दुपारी २:५५)

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्या भागाबद्दल पेपरात छापून येतं ते आकडे म्हणून येतं. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी जीव दिला, त्यातले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे. पण घरात खुणा कशा दिसतात ते कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

शहरातला पोरगा नोट्स देतो, आमच्याकडे माणूस बैलजोडी साळ्याकडे नेऊन बांधतो. बायकोला एका रात्री बसवून सांगतो, पासबुक इथं आहे, जमिनीचे कागद त्या पेटीत, अमक्याचे इतके देणं आहे. तिला वाटते, आज धनी कधी नव्हे ते मन मोकळं करून राहिले. लेकीकडे विनाकारण जाऊन येतो. पेरणीच्या दिवसात वावरात पाय ठेवत नाही. पारावर बसणारा माणूस पारावर येणं सोडतो, किंवा कधी न पिणारा रोज संध्याकाळी पिऊन येतो. माझ्या काकांच्या बाबतीत यातल्या बहुतेक गोष्टी झाल्या होत्या. घरात कोणालाच हे माहीत नव्हतं की या सगळ्या एकत्र बघायच्या असतात.

आता गावात आम्ही एक गोष्ट करतो. ज्या घरात माणूस खचलेला दिसते, त्या घरचं फवारणीचं औषध शेजारी किंवा भावाकडे कुलपात ठेवायला लावतो. लोक म्हणतात, करायचंच असेल तर दुसरं काही शोधेल. तसं नसते. तो झटका बरेचदा थोड्या वेळाचा असते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं आणि जवळ कोणी बसलेलं असलं, तर माणूस त्यातून निघते.

सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत आहे. आशाताई घरोघरी जाऊन झोप, भूक, मन लागणं याबद्दल प्रश्न विचारतात आणि गरज दिसली तर जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. ताईसमोर पुरुषमाणूस खरं बोलत नाही ही अडचण आहे. म्हणून बायकोशी वेगळं बोललं पाहिजे. आशाताईला नवऱ्याची खरी हालत बायकोच सांगते.

रानवारा (सोमवार, दुपारी ३:२०)

सातबारा दादा, वाचून गलबलून आलं. कुलपाची गोष्ट आजच गावी भावाला सांगतो.

चाफा (सोमवार, संध्याकाळी ५:१५)

शेतकरी आणि विद्यार्थ्यांबद्दल निदान बोललं जातं, मी घरातल्या बाईबद्दल लिहिते. २०२२ मध्ये देशात जीव दिलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. त्यांच्या नावाने मोर्चे निघत नाहीत.

माझं दुसरं बाळंतपण झालं तेव्हाची गोष्ट. मी कोपऱ्यात बसून रडत नव्हते. डबे वेळेवर होत होते, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर होत्या, कुळाचारही झाले. बाहेरून एवढंच दिसत होतं की मी चिडचिडी झाले आहे, थोरल्याच्या अंगावर ओरडते, फोन उचलत नाही. आतून मला सतत वाटत होतं की मी नसले तर मुलांना चांगली आई मिळेल. हे दुःखही नव्हतं, मला तो साधा हिशोब वाटायचा. रागाकडे आपल्याकडे कोणी खूण म्हणून बघत नाही, बाई तोंडाळ झाली एवढंच म्हणतात.

मला विचारलं माझ्या जावेने. आमचं फारसं पटतही नव्हतं. पण तिने एकदा बाळाचे कपडे आणि लशीचं कार्ड मी वेगळ्या पिशवीत, नाव घालून लावून ठेवलेलं बघितलं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?" मी ओट्याला धरून उभी राहिले. ती पुढे काही बोलली नाही, उपदेश केला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. त्या रात्री माझ्या खोलीत झोपली. सकाळी नवऱ्याला तिने सांगितलं आणि दवाखान्यातही तीच घेऊन गेली. बाळंतपणानंतरचं नैराश्य निघालं. गोळ्या आणि समुपदेशन, दोन्हींनी बरी झाले. दोन्ही मुलं आता शाळेत आहेत.

तेव्हा लोक काय काय म्हणाले ते सांगते, म्हणजे तुम्ही म्हणणार नाही. "सोन्यासारखी मुलं आहेत, काय कमी आहे तुला?" "पोरांचा तरी विचार कर." विचार त्यांचाच तर करत होते. अशा बोलण्याने माणूस आणखी खाली जातो.

कोरा_कागद (सोमवार, संध्याकाळी ६:४०)

उंबरठा, एक व्यवहारातली गोष्ट. उद्या काही झालं तर पोलीस तुमच्या अभ्यासिकेत येतील. आणि त्याने प्रयत्न केला होता असं रुग्णालयात नोंदलं गेलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊन सरकारी नोकरीच जायची. सगळं करिअर संपेल. म्हणून शक्यतो घरच्यांच्या हवाली करून मोकळं व्हावं, असं मला वाटतं.

मध्यान्ह (सोमवार, संध्याकाळी ७:०५)

मी वकिली करतो. या भीतीपायी लोक पेशंटला रुग्णालयात नेत नाहीत आणि वेळ हातची जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं, आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने ते जवळजवळ निष्प्रभ केलं. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची काळजी घेणं व पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य, असं ते कलम सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं कलम ठेवलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्याला कामापासून रोखायला किंवा काही करायला भाग पाडायला असा प्रयत्न केला तर तो वेगळा गुन्हा आहे, कलम २२६. इथे त्याचा संबंध नाही.

प्रत्यक्ष प्रयत्न झाला असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतं, हवालदार येऊन जबाब घेतो. ती कागदोपत्री प्रक्रिया आहे, आरोप नव्हे. आणि या मुलाने अजून काहीच केलेलं नाही. मनात विचार आहेत म्हणून डॉक्टरकडे जाण्यात पोलिसांचा संबंधच येत नाही. विमा असेल तर याच कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे.

"घरच्यांच्या हवाली करून मोकळं व्हावं" हे मला पटत नाही. घरच्यांना बोलवावं, जरूर. पण ते एसटीने पोचेपर्यंतची रात्र कोण काढणार?

पैलतीर (सोमवार, रात्री ८:३०)

न्यू जर्सीतून लिहिते आहे. आमच्यासारख्यांची अडचण अंतराची असते. माणूस पुण्यात किंवा साताऱ्यात, आणि रात्रीअपरात्री मेसेज येतो, "सगळ्यासाठी थँक्यू, काळजी घे." तेव्हा मेसेजला मेसेजने उत्तर देत बसू नये. फोन लावावा, उचलला तर बोलतं ठेवावं, आणि दुसऱ्या फोनवरून त्या गावातल्या कोणालातरी दारात पाठवावं. त्यासाठी आई-वडिलांच्या, मित्रांच्या शेजाऱ्यांचे नंबर आपल्याकडे आधीच हवेत. भारतातल्या माणसाने तिथून ११२ लावला तर पोलीस घरी पोचू शकतात. इकडे अमेरिकेत कोणी असेल तर ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो, २०२२ पासून हा तीन आकडी नंबर आहे. विद्यार्थी म्हणून आलेल्या मराठी मुलांना तो माहीतच नसतो. व्हिसाच्या भीतीने फोन करत नाहीत, त्यांना हे जरूर सांगा.

उंबरठा (सोमवार, रात्री ११:५०)

सगळ्यांचे आभार. दुपारी त्याला घेऊन सारसबागेकडे चालत गेलो. प्राजक्तताईंनी सांगितलेलेच शब्द वापरले. आधी म्हणाला, "नाही सर, असं का विचारताय?" मी गप्प राहिलो, चालत राहिलो. तळ्याजवळ आल्यावर म्हणाला, "हो." दिवससुद्धा ठरवला होता. वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकला हे त्याने आजवर पुण्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. वय अजून बसतंय, ॲटेम्प्ट आहेत, हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून मी ते काढलंच नाही.

बाकावर बसूनच १४४१६ लावला. तिकडच्या ताई मराठीत, घाई न करता बोलल्या. फोन बराच वेळ त्याच्याच हातात होता. त्यांनीच आजच्या आज रुग्णालयात न्या म्हणून सांगितलं. रूम पार्टनर आणि मी घेऊन गेलो. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं आहे. घरी कोणाला कळवायचं हे मी त्यालाच विचारलं. वडिलांना नको, थोरल्या बहिणीला सांगा म्हणाला. ताई आणि भाऊजी रात्रीच्या गाडीने निघालेत. मी इथेच वॉर्डाबाहेर आहे.

नवा_सभासद (मंगळवार, रात्री १:२०)

खातं आत्ताच उघडलं. वर लिहिलेलं वाचलं. नोट्स वगैरे सोडल्यास सगळं माझ्याबद्दल आहे असं वाटलं. एवढंच.

प्राजक्त (मंगळवार, रात्री १:२६)

लिहिलंत, फार चांगलं केलंत. सरळच विचारते. तुमच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत का? आज रात्री काही करायचं ठरवलं आहे का? घरात आत्ता दुसरं कोण आहे? इथे द्यायचं नसेल तर मला खासगी निरोपात उत्तर द्या, मी जागी आहे. जवळ असं काही असेल ज्याने इजा होऊ शकते, तर त्या खोलीतून बाहेर या आणि घरातल्याला उठवा. "मला बरं वाटत नाही, माझ्याजवळ बस," एवढं म्हटलं तरी चालेल. जास्त समजावून सांगायची गरज नाही. १४४१६ या वेळेलाही उचलतात.

चाफा (मंगळवार, रात्री १:३१)

मीही जागी आहे. तुम्ही कोण, कुठले, काहीच सांगू नका हवं तर. फक्त उत्तर देत राहा.

नवा_सभासद (मंगळवार, रात्री १:५८)

आईला उठवलं. तिच्या खोलीत आहे. ती काही विचारत नाहीये, डोक्यावरून हात फिरवतेय. ताईंना निरोप केला आहे. फोन लावतोय.

प्राजक्त (मंगळवार, सकाळी ९:१०)

नव्या सभासदाशी सकाळी बोलणं झालं. ते आईबरोबर त्यांच्या शहरातल्या डॉक्टरांकडे निघाले आहेत. त्यांच्या परवानगीने एवढंच इथे लिहिते. अधिक चौकशी कोणी करू नये.

उंबरठा दादा, ताई-भाऊजी पोचले असतील. आता पुढचं. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जपण्याचे असतात. घरच्यांना वाटतं, दवाखाना झाला, गोळ्या सुरू झाल्या, संपलं. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे तर सुरुवातीला जास्तच लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या ताईंच्या ताब्यात ठेवा, रोजच्या रोज द्यायला सांगा, पूर्ण पाकीट त्याच्या खोलीत नको. सोडायच्या आधी पुढच्या तपासणीची तारीख, आणि रात्री त्रास झाला तर कोणाला उठवायचं, ही नावं त्याच्याच अक्षरात एका कागदावर लिहून घ्या. मन खाली जायला लागलं की आधी काय होतं, तेव्हा त्याला कशाने बरं वाटतं, हेही त्यातच. आम्ही प्रत्येक रुग्णाकडून हे करून घेतो.

रानवारा (मंगळवार, सकाळी ९:४५)

ताई, तो गावी गेला तर पुढे कोण बघणार? तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ कुठे असतात?

प्राजक्त (मंगळवार, सकाळी १०:२०)

अडचण खरी आहे. जिल्हा रुग्णालयात मात्र जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. डिस्चार्ज कार्ड घेऊन तिथे गेलं की गोळ्या तिथूनच चालू राहतात. मराठवाड्यातला आहे म्हणजे प्रेरणा प्रकल्पाच्या जिल्ह्यांतला, तेव्हा आशाताईंनाही ताईंनी विश्वासात घ्यावं. गावातल्याच माणसांना थोडं प्रशिक्षण दिलं तर फरक पडतो, हे गोव्यातल्या 'संगत' संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत करून दाखवलं आहे. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार-पाच होते, दीड वर्षात ते सत्तावीसच्या आसपास गेले. मधल्या काळात १४४१६ वरून पुन्हा पुन्हा समुपदेशन घेता येतं, एकदाच फोन करायचा असं नाही.

दादा, आणि त्या रूम पार्टनरशीही बोला. तोही रात्रभर जागलाय, त्याचीही परीक्षा आहे, आणि "सावरला" असं तोच म्हणाला होता. त्याला कोणी काही विचारलं आहे का?

उंबरठा (मंगळवार, सकाळी १०:५५)

नाही विचारलं. तो आत्ता खाली चहाला गेलाय. मीही जातो.